आधी जागेची खोड

वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय यशू,

माणसानं कुणाच्या शेजारी राहायला जावं, हे कशावरून ठरवायचं असतं गं? तीन आठवडे हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं पत्र तू उत्तराच्या आशेनं वाचणार नाहीस.

बाकी आम्ही खुशाल आहोत. जान्हवीचा खोकला गेला, पोर आता रात्रभर झोपते. गोरक्षनाथांची पिकअप रोज मोसंबी घेऊन जालन्याला जाते आणि येताना नुसत्या बातम्या घेऊन येते. मी अजून अंबडच्या हॉस्पिटलातच नर्स आहे. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी मिळेल ती. तू आणि ऋषी कसे आहात हे विचारायला नको, तुमच्या बागेतल्या टोमॅटोचे फोटो रोज बघते. बघते आणि उत्तर देत नाही, हे तुलाही दिसत असणार. त्या दोन निळ्या खुणा सगळं सांगतात.

तुझे अकरा मेसेज आले. शेवटच्यात नुसतं "प्रांजली?" एवढंच होतं. ते वाचलं आणि वही काढली. तुझ्या शरयूकाकू वीस तारखेला तुझ्याकडे निघणार आहेत, त्यांच्या बॅगेतून पाठवते. पाकीट चिकटवून देईन. काकूंना वाटेल लोणच्याची कृती असेल. वाटू दे.

तर घर. तुझ्या गल्लीतलं ते पिवळ्या दाराचं घर तू आमच्यासाठी हेरून ठेवलंस. त्यातलं केरळचं कुटुंब जूनमध्ये जाणार आणि मालकीणबाईंना फेब्रुवारी संपायच्या आत हो-नाही कळवायचं. व्हिडिओ काढताना तू तुझ्या दारापासून पावलं मोजत गेलीस. बावन्न. ऑकलंडच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज कर म्हणून मागे तूच लागलीस, परीक्षेचं इंग्रजी तूच घोटून घेतलंस, मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोन तास मला प्रश्न विचारलेस. त्यांचा होकार आला तेव्हा तू फोनवर माझ्याहून मोठ्यानं ओरडलीस.

आणि त्याच आठवड्यात त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलचाही होकार आला. मी तिकडे अर्ज केल्याचं तुला त्या दिवशीच कळलं. तू म्हणालीस, "अगं, तिथे कशाला? तिथे आपलं कोण आहे?"

तुला मी उत्तर दिलं नाही. घरात मात्र मी त्या लहान गावाबद्दल फार बोलत होते. मी काही ठरवलं की कशी बोलते ते तुला माहीत आहे. लहान गावात नर्सला माणसं नावानं ओळखतात. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. मोठ्या शहराला परिचारिका कितीही मिळतील, जिथे कुणी जात नाही तिथे आपण गेलं पाहिजे. मागे नदी, पुढे डोंगर, डोंगरावर मेंढ्या. गोरक्षनाथांना म्हणाले, "तुम्हालाही तिथे करमेल."

"मला?" ते हात धूत होते, तसेच थांबले. "ओ सिस्टर, तिथं माणसाहून मेंढरं जास्ती, असं तूच सांगून राह्यली. मंग मी इथं काय वाईट होतो?"

"मग तुम्हाला तिथे करायचंय तरी काय?"

"बस चालवायची. शहरातली, लांबलचक. बारा वर्षं मोसंबी वाहून राह्यलो. मोसंबी बोलत न्हाई. आता माणसं बसवतो."

मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या गावाचे फोटो दाखवायला लागले.

मग आम्ही २ तारखेला, रविवारी, आबांकडे गेलो. आबा म्हणजे माझे वडील. तुझ्याशी बोलताना मी त्यांना 'बाबा' म्हणते, घरात ते कधीच बाबा नव्हते. तिथे जे झालं ते सांगायचं तर त्याआधी आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. ती आज लिहून होईल असं वाटत नाही. जान्हवी उठली आहे. थांबते.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

आता एका दमात लिहिते.

माझ्या वडिलांची मोसंबीची बाग नाही. कधीच नव्हती. पहिल्या वर्षी औरंगाबादला हॉस्टेलच्या खोलीत तू विचारलंस, "तुमच्याकडे काय पिकतं?" मी म्हणाले, "मोसंबी." ती मोसंबी ज्या बागाईतदारांची, त्यांच्या रिकाम्या शेतात आमच्या मेंढ्या खतासाठी बसायच्या. आम्ही धनगर. आबांकडे तेव्हा दीडशे मेंढ्या होत्या, आज एकेचाळीस आहेत. पाचवीपर्यंत मी वाड्याबरोबर फिरले. आमच्यात वाडा म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या. दिवाळी झाली की गोदावरीच्या काठाकाठानं निघायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं. पुढे मला आश्रमशाळेत घातलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि ग्रॅज्युएट झालेली आजवर एकटीच. आणि गोरक्षनाथांचा 'ट्रान्सपोर्टचा व्यवसाय' म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची एक पिकअप. तेही आत्ताच सांगून टाकते.

वाडा एका जागेवरून हलायच्या आधी दोन माणसं पुढे जाऊन नवी जागा बघून यायची. आली की सगळे गोल बसायचे. आणि आमच्यात रीत अशी, की बघून आलेल्यानं आधी जागेची खोड सांगायची. पाणी लांब हाय. शेताचा मालक भांडकुदळ हाय. कुत्री वाईट हायेत. बाभळीचे काटे फार. खोडी संपल्या की मग चाऱ्याचं, सावलीचं, गोड पाण्याचं बोलायचं. कुणी आल्या आल्या नुसतं गुणगान सुरू केलं तर म्हातारी माणसं उठून जायची आणि वाडा तिकडे हलायचा नाही.

लहानपणी मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यातले धर्मराजकाका मंठ्याच्या बाजूची एक जागा बघून आले आणि अशी वर्णनं करायला लागले की ऐकत राहावं. गवत गुडघ्याएवढं, पाणी आरशासारखं. आबांनी विचारलं, "खोड?" काका म्हणाले, "बिलकुल न्हाई." आबा म्हणाले, "मंग तिथं तुझं कोण राहतं ते सांग." त्यांची बहीण त्या गावात दिली होती. दोन वर्षं भेट नव्हती. गवतही होतं आणि पाणीही होतं, काका खोटं बोलले नव्हते. ते फक्त त्यासाठी गेले नव्हते.

हे सगळं मला माहीत असून मी २ तारखेला मोबाईल घेऊन आबांसमोर बसले. रीतीप्रमाणे आधी ऑकलंड घेतलं. भाडं जास्त. हॉस्पिटलला जायला दोन बस. पाऊस कधीही येतो. वर्गात मुलं जास्त, जान्हवी सुरुवातीला बावरेल. थंडीत ड्युटी सुटेपर्यंत अंधार. इतकी नर्सेस की ओळख व्हायलाच वर्ष जाईल. इथली पोरं तिकडे जाऊन बिघडतात असं लोक म्हणतात. आबा बोटांवर मोजत होते. सात झाल्या.

मग दुसरं गाव काढलं. फोटो दाखवले. आबांनी एक फोटो मोठा करायला लावला आणि चष्मा वर करून बघितला.

"लोकर चांगली हाय. पर ह्यांच्या शेपट्या कापल्या का काय?"

"परदेश हाय, मामा," गोरक्षनाथ म्हणाले. "तिथं काहीबी करतेत."

"बरं. खोड सांग."

"खोड अशी काही नाही, आबा. हवा स्वच्छ. शांत. माणसं फार प्रेमळ."

"तू गेल्ती तिथं?"

"नाही."

"मंग माणसं प्रेमळ हायेत हे कोणी सांगितलं?"

"त्यांच्या वेबसाईटवर आहे."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती न वळताच म्हणाली, "त्यांच्याच वेबसाईटवर ना?"

गोरक्षनाथ खोखो हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "शहराच्या सात खोडी काढल्या तू. म्हंजे शहर तू बराबर बघितलं. मनानं तिथं राहून आली. ह्या गावाची एक न्हाई. हे तू बघितलंच न्हाई. तुला त्या गावाला जायचं न्हाई, पोरी. तुला कोणापासून तरी लांब जायाचंय."

मी फोटो पुढे सरकवत राहिले. एकाच फोटोवरून तीनदा बोट फिरलं असेल.

"तुझी ती जालन्याची मैत्रीण," आबा म्हणाले, "लाडवाची. ती शहरातच राहती ना?"

"हो. त्याच गल्लीत."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तिला अजून सांगितलं न्हाई का तू?"

तुला लाडू आठवतात का, यशू? दुसऱ्या वर्षाची थंडी. आपलं प्रॅक्टिकल होतं त्या दिवशी. हॉस्टेलच्या फाटकाशी एक माणूस आला होता. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. वाडा तेव्हा पैठणच्या खाली होता, तिथून एसटीनं आला होता. हातात डबा. तू आणि दोघीजणी फाटकाशी उभ्या होतात, मी जिना उतरत होते. तू त्याला पाणी आणून दिलंस. चांगल्या आवाजात विचारलंस, "काका, तुम्ही प्रांजलीचे कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेवटच्या पायरीवर होते. मी नोटीस बोर्डाकडे बघितलं.

"मी त्यांच्या गावाकडचा," ते म्हणाले. "हिच्या वडलांनी डबा पाठवलाय."

"हिच्या वडिलांना सांगा, मागचे लाडू फार छान झाले होते," तू म्हणालीस.

"सांगतो, बाई."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "घरी सगळ्यांना नमस्कार सांगा." ते मान हलवून गेले. त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी मिळून डबा संपवला आणि तू चारदा म्हणालीस की तुझे बाबा किती प्रेमळ आहेत.

त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोलले नाही. ते त्यांनी माझ्यासाठी केलं. मी ते नऊ वर्षं तसंच चालू ठेवलं. तू लग्न करून ऋषीबरोबर तिकडे गेलीस, म्हणून माझ्या लग्नात तुला मांडवात कोण कोण बसलंय ते दिसलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. तू येणार नाहीस याचं हायसं, यशू.

आबांना मी म्हणाले, "नाही सांगितलं."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

ते थोडे ओशाळले. तेच ओशाळले, माझ्याऐवजी. "मला वाटलं, मी फाटकाबाहेर पडलो की तू हसून सांगितलं असशील. पोरीपोरींची गंमत. मी तर एसटीत हसत आल्तो. तुझ्या आईलाबी सांगितलं, तिच्या मैत्रिणीनं मलाच निरोप दिला, हिच्या वडलांना सांगा म्हणून."

आईचा हात परातीवर थांबला होता. जान्हवी कोकरामागे पळत होती, तिला पकडायच्या निमित्तानं मी उठले.

परतताना गोरक्षनाथ गाडी चालवत होते. हायवेला लागल्यावर म्हणाले, "म्हंजे तिथं मी ट्रान्सपोर्टवाला होणार होतो का?"

"हो."

"मंग एखादी नवी गाडी तरी घेऊन द्यायची." आणि गिअर बदलत, "अन् जान्हवीला काय शिकवणार होती?"

हे मी खरोखर योजलेलं होतं, त्याची मला आत्ता लिहिताना लाज वाटते. जान्हवी भेटेल त्याला सांगते की माझ्या आजोबांकडे एकेचाळीस मेंढ्या आहेत, आणि त्यातल्या दहा-बारा जणींची नावं सांगते. बसच्या कंडक्टरला सांगते. तुझ्यापासून बावन्न पावलांवर राहायचं तर चार वर्षांच्या पोरीला गप्प बसायला शिकवावं लागलं असतं. त्यापेक्षा हजार किलोमीटर दूरचं गाव सोपं वाटलं. नदी, डोंगर, सेवा, जिथे कुणी जात नाही तिथे जाणं, हे सगळं मी त्याच्यावर अंथरलं. ते अंथरताना माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. गेल्याच महिन्यात इथल्या शाळेत मुलींच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. मी स्टेजवरून म्हणाले, "आपण कोण आहोत हे सांगायला कधी लाजू नका." टाळ्या पडल्या. आबा पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

तू मला कधी कमी लेखलं नाहीस. हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तू माझं 'न्हाई' दुरुस्त करायचीस, हसून, प्रेमानं. मी तेवढ्यावरून माझं सगळंच दुरुस्त करून टाकलं. ते काम मी एकटीनं केलं. तू मागितलंही नव्हतंस.

त्या रविवारनंतर मी ते लहान गाव पहिल्यांदा नीट बघितलं. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. शहरबस तिथे नाहीच, शाळेच्या दोन गाड्या आहेत आणि त्यांना चालक आहेत. ज्या अतिदक्षता विभागाचं काम शिकायचं म्हणून मी देश सोडतेय, तो विभाग तिथे नाही. गाव वाईट नाही. ज्याला तिथेच जायचं आहे त्याच्यासाठी चांगलंच असेल. तिथल्या नर्स-मॅनेजरनं मला तीन वेळा आपुलकीनं लिहिलं होतं. अशा जागेवर लपायला आलेलं माणूस पाठवणं हा त्यांच्यावरही अन्याय झाला असता.

आणि ऑकलंडच्या सात खोडी मी पुन्हा वाचल्या. सातही खऱ्या आहेत. त्यातली एकही आम्हाला न सोसणारी नाही. गोरक्षनाथांना त्यांची लांबलचक बस मिळेल, आधी परवाना, मग परीक्षा, वर्ष लागेल, लागू दे. मला मोठ्या वॉर्डात शिकायला मिळेल. जान्हवीच्या वर्गात वीस ठिकाणांहून आलेली मुलं असतील, त्यातल्या एकाच्या आजोबांकडे उंटसुद्धा असतील.

म्हणून काल, सोमवारी, सातच्या एसटीच्या आधी मी तीन कामं केली. दक्षिणेच्या हॉस्पिटलला माफी मागून नकार पाठवला. ऑकलंडच्या करारावर सही करून तो पाठवला. आणि तिसरं, तुझ्या व्हिडिओखाली मालकीणबाईंचा नंबर होता, त्यांना मी स्वतः लिहिलं. आम्ही तिघं आहोत. मी नर्स. नवरा ड्रायव्हर आहे, तिकडे आल्यावर काम शोधेल. मुलगी चार वर्षांची, खूप बोलते. डिसेंबरात माझे आईवडील दोन महिने राहायला येतील, वडील मेंढपाळ आहेत, चालेल का?

अर्ध्या तासात उत्तर आलं. चालेल, पण मेंढ्यांना परवानगी नाही, आणि पुढे हसरा चेहरा. मी अंबडच्या स्टँडवर उभी राहून ते चारदा वाचलं. नऊ वर्षांत मला तुला जे सांगता आलं नाही ते एका अनोळखी बाईला एका ओळीत सांगून झालं, आणि तिनं त्यावर माझ्याशी थट्टा केली.

तुला राग येईल. यायलाच हवा. फाटकाशी उभी राहून तू मनापासून निरोप दिला होतास आणि आम्ही दोघांनी मिळून तुला फसवलं, एकानं मायेपोटी आणि एकीनं भित्रेपणानं. तू महिनाभर बोलली नाहीस तरी मी समजेन. फोनवर रागावू नकोस, एवढंच सांगते. समोर ये, दारात उभी राहा आणि जे बोलायचं ते बोल. मी दार लावणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघून मग ठरवावं, असंही मनात आलं होतं. तू माफ केलंस तर त्या गल्लीत, नाही तर दुसरीकडे. पण मग मी पुन्हा पायरीवर उभी राहून तुझ्या चेहऱ्याकडे बघूनच स्वतःबद्दल ठरवलं असतं. ते मी आता करणार नाही. घर मी तुला न विचारता घेतलं आहे. एक जुलैपासून ते आमचं. मालकीणबाईंचा करार काल दुपारी आला, घरी येऊन त्यावर राहणाऱ्यांची नावं माझ्याच अक्षरात भरली, सही केली आणि पाठवून दिला.

तुझी,
प्रांजली
(मेंढपाळ राधाकिसन खरात आणि गोपिकाबाई खरात यांची मुलगी)